कॅमेऱ्याची कंपनी निवडताना आधी लेन्स पाहावी

पुण्यात छायाचित्रणाची आवड असलेली चार माणसे एकत्र आली की कॅनन श्रेष्ठ की निकॉन, आणि अलीकडे सोनी की फुजीफिल्म, हा वाद हमखास रंगतो. त्यात बहुधा मेगापिक्सेल आणि ऑटोफोकसचा वेग यांचीच तुलना होते. माझ्या मते हे दोन्ही मुद्दे दुय्यम आहेत, कारण आज कोणत्याही प्रमुख कंपनीचा मध्यम किमतीचा कॅमेरा हौशी माणसाची गरज सहज भागवतो आणि बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, तर काही वर्षांनी बदललीच जाते. लेन्सेस मात्र त्याहून बराच काळ टिकतात आणि त्या ज्या माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणाऱ्या कडीवर, बसतात, ते माउंट बहुतेक कंपन्यांचे वेगवेगळे असते. तेव्हा कंपनी निवडताना आपण प्रत्यक्षात माउंट निवडत असतो.

कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणताना आपल्याच जुन्या एफडी लेन्सेसशी नाते तोडले, तर निकॉनने १९५९ मधील एफ माउंट जवळजवळ साठ वर्षे सांभाळले. २०१८ मध्ये मात्र दोघांनीही फुल फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, प्रकाश टिपणारा सेन्सर असलेल्या) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी नवी माउंट आणली, कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड, कारण आरसा काढून टाकल्यावर लेन्स सेन्सरच्या बरीच जवळ आणता येते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिलिमीटर असलेले अंतर झेड माउंटमध्ये १६ मिलिमीटरवर आले. या वाचलेल्या जागेतच ॲडाप्टर, म्हणजे मधला जोडतुकडा, बसतो आणि जुन्या लेन्सेस नव्या बॉडीवर वापरता येतात. तरी येथे एक खाच आहे. कॅननच्या ईएफ लेन्सेस ॲडाप्टरवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड ॲडाप्टरमध्ये मात्र फोकसची मोटर नसल्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सेस हातानेच फोकस कराव्या लागतात. घरात वडिलांच्या किंवा काकांच्या वेळच्या लेन्सेस असतील आणि त्यांच्या भरवशावर कंपनी ठरत असेल, तर हे आधीच तपासलेले बरे.

सोनीचे ई माउंट २०१० पासून बाजारात असून त्यासाठी सिग्मा आणि टॅमरॉन या लेन्स बनवणाऱ्या इतर कंपन्यांच्या तुलनेने स्वस्त लेन्सेस भरपूर मिळतात. कॅननने आरएफ माउंटचे दार या कंपन्यांसाठी बराच काळ बंद ठेवले आणि २०२४ मध्ये ते क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरसाठीच्या, लेन्सेसपुरते उघडले. बेताच्या खर्चात काम करणाऱ्याला हा फरक बॉडीच्या किमतीपेक्षा जास्त जाणवतो.

यानंतर आपण नेमके कशाचे फोटो काढतो, हे पाहावे. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी टिपायला जाणाऱ्याला होडीत बसून हातात धरता येईल अशी लांब पल्ल्याची लेन्स लागते. सोनीची २००-६०० मिलिमीटर सुमारे दोन किलोची आहे, तर कॅननची ८०० मिलिमीटर एफ/११ सव्वा किलोच्या आसपास भरते, परंतु पहाटेच्या अपुऱ्या उजेडात एफ/११ चे लहान छिद्र फार तोकडे पडते. मायक्रो फोर थर्ड्स या प्रकारच्या कॅमेऱ्यांच्या लहान सेन्सरवर ३०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरील ६०० इतका दृश्यकोन देते, त्यामुळे पाठदुखी असलेल्या पक्षीनिरीक्षकाने तो पर्याय हसण्यावारी नेऊ नये. नाटकाचे फोटो काढणाऱ्याला आवाज न करणारे शटर हवेच, पण रंगमंचावर एलईडी दिवे असतील तर इलेक्ट्रॉनिक शटरमुळे चित्रात आडवे पट्टे उमटू शकतात, म्हणून खरेदीआधी तशाच प्रकाशात चाचणी घ्यावी. पालखीबरोबर दिवे घाट चढणाऱ्याने पावसापासून संरक्षण असलेली बॉडी आणि तसेच संरक्षण असलेली लेन्स, दोन्ही घ्याव्यात, कारण एकीला ते नसेल तर दुसरीचे फारसे उपयोगी पडत नाही.

हाताच्या सवयीचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण निकॉन आणि कॅनन यांच्या झूम रिंग परस्परांविरुद्ध दिशेने फिरतात आणि मिरवणुकीच्या धावपळीत बोटे जुन्याच दिशेला वळतात. फुजीफिल्मच्या अनेक कॅमेऱ्यांवर शटरचा वेग वरच्या चकतीनेच ठरतो. मला ती पद्धत आवडते, माझ्या मित्राला ती जुनाट वाटते. पुण्यात कॅमेरे आणि लेन्सेस दिवसाच्या भाड्याने मिळतात, त्यामुळे मोठी रक्कम गुंतवण्याआधी मनात असलेली जोडी शनिवार-रविवारसाठी आणून आपल्या नेहमीच्या विषयावर वापरून पाहावी. ज्यांच्याबरोबर आपण फोटो काढायला जातो, ते कोणते माउंट वापरतात हेही विचारून घ्यावे, कारण उसनी मिळणारी लेन्स आपल्या बॉडीवर बसणारी असेल तरच कामाची.