दम असंल तर बिंदू चौकात ये!

कोल्हापुरात भांडण पेटलं की पत्ता ठरलेला असतोय, बिंदू चौक. इलेक्शन आलं की पुढारीसुद्धा एकमेकांना "या बिंदू चौकात, होऊन जाऊदे" म्हणून आव्हान देतात, मग खरंच कोण येतं आणि कोण घरात बसतं ते सोडा.

एकीकडं जुना तट, तिथंच सबजेल, पलीकडं अंबाबाईला आलेल्यांच्या गाड्यांचं पार्किंग, आणि ह्या गोंगाटात महात्मा फुले आणि बाबासाहेब, दोघांचे अर्धपुतळे. आत्ताच्या हिशोबात लहानच म्हणायचे, हल्ली पुतळा म्हटलं की लोक आधी किती फुटांचा ते विचारतात.

पण हे बसवलेत ९ डिसेंबर १९५० ला. म्हणजे बाबासाहेब तेव्हा हयात, वय ५९, दिल्लीत कायदामंत्री! हयात माणसाचा पुतळा म्हटलं की मला पहिला डाऊट येतो, बसवणाऱ्याला काहीतरी पाहिजे असणार, तिकीट नाहीतर टेंडर. इथं मामला उलटा. पुढाकार भाई माधवराव बागलांचा, मूर्तिकार बाळ चव्हाण. बागल म्हणजे सत्यशोधक वळणाचा, लोकांच्या हक्कांसाठीच्या प्रजा परिषदेतून संस्थानाशी भांडलेला गडी, कुणाची हांजी हांजी करणाऱ्यातला नव्हेच. आणि त्या टायमाला हिंदू बायकांना वारसा-घटस्फोटाचे हक्क देणाऱ्या हिंदू कोड बिलावरनं बाबासाहेबांवर टीकेची झोड उठलेली, तेव्हा त्यांचा पुतळा भर चौकात बसवायचा म्हणजे उघड बाजू घेणंच की. आज हार घालायला काय, कुणीपण घालतंय, सगळ्या पार्ट्या लायनीत असतात.

फुले गेले १८९० ला, बाबासाहेब जन्मले १८९१ ला. भेट व्हायचा प्रश्नच नव्हता, तरी बाबासाहेब त्यांना गुरू मानायचे, आणि कोल्हापूरनं दोघांना सरळ एका चौकात आणून बसवलं, हे मला जाम आवडतं. शाहू महाराजांचा पुतळा दसरा चौकात. १९२० च्या अस्पृश्यांच्या माणगाव परिषदेत ह्याच महाराजांनी भर सभेत सांगितलेलं की हा तुमचा पुढारी, तेव्हा बाबासाहेब तिशीचेपण नव्हते.

बाहेरगावची मंडळी गाडी लावली की तडक देवळाकडं सुटतात, पुतळ्यांकडं बघत पण नाहीत. मी एकदा एका फॅमिलीला थांबवून हे सगळं सांगायला लागलो तर त्यातले काका म्हणाले, "गाइडचे किती घेता?"