‘आमचा काही करत नाही’ : चाव्यानंतरचे दहा दिवस

कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं असतं: "घाबरू नका, आमचा काही करत नाही." ज्या दिवशी तो करतो, त्या दिवशी ते वाक्यच अंगावर येतं. गरीब स्वभावाचा कुत्रा, आजवर कुणावर गुरगुरलाही नव्हता. आणि समोरून वाकून डोक्यावर हात ठेवायला आलेल्या एका अनोळखी माणसाच्या मनगटावर दात उमटले. पुढे डोक्यात रेबीज, पोलीस, भरपाई, ‘याला घेऊन जातील का’, ‘मारून टाकतील का’ असं सगळं एकाच वेळी सुरू होतं. या काळजीला ना क्रम असतो ना अंत. कामाला मात्र क्रम आहे, आणि तो पाळला की काळजीचीही आपोआप वाटणी होते. मी गेलो त्या क्रमानेच लिहितो.

आधी कुत्रा बांधायचा, मग माणसाकडे वळायचं. उलटं केलं की घाबरलेला कुत्रा पायात घुटमळत राहतो आणि दुसरा चावा बसतो. त्याला ओरडत, मारत बसू नका. त्या क्षणी तो काहीही शिकत नाही आणि जखम तशीच राहते.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावूनच, कारण ही १५ मिनिटं फार लांब वाटतात आणि दोनेक मिनिटांत नळ बंद करण्याकडेच सगळ्यांचा कल असतो. साबण कुठलाही चालतो. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबण ते मोडतो आणि विषाणू निकामी होतो. म्हणूनच नुसत्या पाण्याने खळखळ धुण्यापेक्षा साबणाला महत्त्व. खोल भोकांमधून पाणी जाऊ द्यायचं, पण ब्रशने घासायचं नाही, त्याने कातडी आणखी फाटते. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचं. कसलीही पूड, तेल, लेप लावायचा नाही. घट्ट पट्टीही नको. दाताने पडलेली भोकं वरून लहान दिसतात, आतून खोल असतात. बंद केली की जंतू आतच कोंडतात, म्हणून डॉक्टरही टाके शक्यतो टाळतात.

इथे मालकाकडून एक मोठी चूक होते, आणि ती चांगल्या हेतूने होते. "आमच्याला सगळी इंजेक्शनं दिलीत, तुम्हाला काही घ्यायची गरज नाही." हे बोलायचं नाही. लसीकरणाची माहिती आणि कार्ड द्यायचं, लस घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. मी हे वाक्य जिभेवरून परत गिळलं, एवढंच.

जागतिक आरोग्य संघटना संपर्काचे तीन वर्ग करते. अखंड कातडीला हात लावला किंवा चाटलं, तर पहिला. काही करावं लागत नाही. रक्त न येता ओरखडा किंवा कपड्याने न झाकलेल्या कातडीवर कुरतडल्याची खूण, तर दुसरा, लगेच लस. कातडी भेदून दात गेला, किंवा जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर तिसरा. लस आणि सोबत रेबीज इम्युनोग्लोब्युलिन. दात रुतून रक्त आलं असेल तर तो तिसराच, भोक कितीही बारीक असो. ‘छोटंसंच तर आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिद्रव्यं. लस घेतल्यावर शरीराला स्वतःची प्रतिद्रव्यं बनवायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेवढा काळ ती राखण करतात. म्हणून ती दंडात टोचून भागत नाही; जखमेत आणि जखमेभोवती जितकी मावतील तितकी सोडावी लागतात. मात्रा वजनावर ठरते: मानवी असेल तर किलोमागे २० युनिट, घोड्यापासूनची असेल तर ४०. म्हणजे ६० किलोच्या माणसाला अनुक्रमे १२०० किंवा २४०० युनिट. पहिल्या दिवशी मिळाली नाही तर लसीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत देता येते, त्यानंतर उपयोग नाही. लसीचे दिवस पहिल्या डोसाचा दिवस शून्य धरून मोजतात. स्नायूत घ्यायची असेल तर ०, ३, ७ आणि पुढे १४ ते २८ च्या दरम्यान. काही ठिकाणी पाच डोस देतात. त्वचेच्या थरात द्यायची असेल तर दर खेपेला दोन जागी ०.१ मिलीलिटर, ०, ३ आणि ७ व्या दिवशी, काही ठिकाणी २८ व्यालाही. ज्यांचं रेबीजचं लसीकरण आधीच पूर्ण झालेलं आहे त्यांना ० आणि ३ असे दोनच डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. त्यामुळे "आधी कधी रेबीजची लस घेतली होती का?" हा प्रश्न रुग्णालयात पोचण्याआधीच विचारून ठेवा. शिवाय धनुर्वाताचा शेवटचा डोस कधी झाला, हेही.

रेबीजच्या भीतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते: साधा जंतुसंसर्ग. कुत्र्याच्या तोंडातला पाश्चरेला नावाचा जंतू एका दिवसाच्या आत जखम लाल, गरम आणि ठणकती करू शकतो. हाताचे चावे यात जास्त वाईट, कारण तिथे सांधे आणि स्नायुबंध कातडीच्या अगदी खाली असतात. ज्यांची प्लीहा काढलेली आहे, जे फार दारू पितात, किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, त्यांना कॅप्नोसायटोफॅगा या दुसऱ्या जंतूपासून थेट रक्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि जखम बाहेरून बरी दिसत असताना होऊ शकतो. अनोळखी माणसाला या गोष्टी आपण विचारणं जरा अवघड, पण डॉक्टरांसमोर त्यांनी आवर्जून सांगाव्यात एवढं नक्की सुचवता येतं.

मग कागद. लसीकरणाचं कार्ड उघडून चार गोष्टी बघा: शेवटच्या रेबीज लसीची तारीख, लसीच्या बाटलीवरचं चिकटवलेलं लेबल, व्हेटची (प्राण्यांच्या डॉक्टरांची) सही-शिक्का, पुढची तारीख. ‘कार्ड आहे’ आणि ‘कार्ड चालू आहे’ यांत फरक आहे. पुढची तारीख उलटून गेलेली असते आणि कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. तसं असेल तर धावत जाऊन त्याच दिवशी कुत्र्याला लस टोचून आणू नका. हे पटायला मला वेळ लागला. लसीमुळे एखाद्याला ताप येतो, मरगळ येते, आणि चावल्यानंतर कुत्र्याला नजरेखाली ठेवायच्या दहा दिवसांत ती मरगळ लसीची की रोगाची हे सांगता येत नाही. शिवाय चाव्यानंतरची तारीख कार्डावर आली की कागद संशयास्पद दिसतो तो वेगळाच. लस दहा दिवसांनंतर.

दहाच का? रोग झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणं दिसण्याच्या थोडेच दिवस आधी उतरतो, आणि लक्षणं सुरू झाली की कुत्रा काही दिवसांतच मरतो. म्हणजे चावला त्या वेळी लाळेत विषाणू असेल, तर दहा दिवसांत कुत्रा आजारी पडणार किंवा मरणार. दहाव्या दिवशी तो धडधाकट असेल, तर त्या चाव्यातून रेबीज गेलेला नाही. हा नियम कुत्रा, मांजर आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) यांच्यापुरताच आहे. पण ‘आधी दहा दिवस बघू, मग लस घेऊ’ असा याचा अर्थ मुळीच नाही. चावलेल्या माणसाची लस पहिल्याच दिवशी सुरू होते; कुत्रा ठीक राहिला तर उरलेल्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतात.

म्हणूनच रागाच्या भरात कुत्र्याला मारून टाकणं किंवा लांब नेऊन सोडणं ही चावलेल्या माणसाच्याच दृष्टीने सर्वांत वाईट गोष्ट. जिवंत, डोळ्यांसमोर असलेला कुत्रा हा त्याच्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा असतो. बिथरलेल्या शेजाऱ्यांना मी हेच सांगितलं, आणि ‘आमचा गरीब आहे हो’ यापेक्षा ते कितीतरी जास्त पटलं. दुर्दैवाने कुत्रा त्या काळात मेलाच, तर डोक्याला इजा होऊ द्यायची नाही, कारण तपासणी मेंदूची होते. देह उघड्या हातांनी न हाताळता थंड ठेवायचा, गोठवायचा नाही, आणि लगेच व्हेटला कळवायचं.

चाव्याचा दिवस शून्य धरून एक वही करा. सकाळ-संध्याकाळ नोंद: खाल्लं का, पाणी प्यायला का, गिळताना अडतंय का, आवाज बदललाय का, खालचा जबडा लोंबतोय का, लाळ गळतेय का, मागचे पाय लडखडतायत का, उजेडाला बिचकतोय का, माती-लाकूड असलं काही खातोय का. वागणं दोन्ही दिशांनी बघायचं. एकलकोंडा कुत्रा एकाएकी अंगाला घासायला लागला तरी ती नोंद करण्याची गोष्ट. खाणं देणारा माणूस एकच ठेवा, पाहुणे आणि मुलं लांब, फिरणं फक्त पट्टा लावून आणि माणसं नसतील तेव्हा. प्रवास नाही, दुसऱ्याकडे ठेवणं नाही. काही ठिकाणी सुरुवातीला आणि दहाव्या दिवशी व्हेटची तपासणी बंधनकारक असते. नसली तरी करून घ्या आणि लेखी घ्या.

आता ज्याची खरी धास्ती असते ते, परिणाम. कायदा जागोजागी वेगळा, पण विचारले जाणारे प्रश्न जवळपास तेच: कुत्रा पट्ट्याला होता का, नोंदणी आणि लस चालू आहे का, जागा सार्वजनिक होती की तुमच्या कुंपणाआत, त्याला कुणी छेडलं का, आणि याआधी कधी चावला आहे का. शेवटचा प्रश्न सर्वांत जड. पहिल्या चाव्याकडे आणि दुसऱ्याकडे कुणीच एका नजरेने बघत नाही. तेव्हा त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, वेळ, जागा, पट्ट्याची लांबी, कोण कुठे उभं होतं, हात कुठून आला, हे तारखेसह लिहून ठेवा. स्वतःला सोयीचं नसेल तेही लिहा. समाजमाध्यमांवर त्याबद्दल एक ओळही टाकू नका.

त्या माणसाशी बोलताना "तुम्ही वाकलात म्हणून" ने सुरुवात केली की संपलं. असं बोला: "माझ्या कुत्र्यामुळे तुम्हाला त्रास झाला, मला मनापासून वाईट वाटतंय. हे त्याचं लसीचं कार्ड, हा माझा नंबर. डॉक्टरकडे मी सोबत येतो. दहा दिवस तो कसा आहे ते रोज कळवतो." आणि रोज कळवा, एका ओळीचा निरोपसुद्धा पुरतो. उपचाराचा खर्च आपण होऊन विचारा, पावत्या ठेवा. मात्र माफी मागणं वेगळं आणि कायदेशीर जबाबदारी लिहून देणं वेगळं. सही करण्याआधी वकिलाला दाखवा. घराच्या किंवा कुत्र्याच्या विम्यात तिसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई येते का ते बघा. येत असेल तर कंपनीला कळवायला मुदत असते आणि ती अगदी कमी असू शकते.

दहा दिवसांत दुसरा प्रश्न कुरतडत राहतो: हा असा का वागला? इथे कुत्र्यांच्या वर्तनाचे अभ्यासक आणि व्हेट इयान डनबार यांनी आखलेली चाव्यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी उपयोगी पडते. पहिलीत दात लागतच नाहीत, दुसरीत लागतात पण कातडी भेदत नाही. तिसरीत एका चाव्यात एक ते चार भोकं, सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ. चौथीत त्याहून खोल, झटका दिल्याच्या खुणा आणि काळनिळेपण. पाचवीत अनेक चावे, सहावीत मृत्यू. तिसरीपर्यंतचा कुत्रा अजून जबडा आवरत असतो, त्याच्यावर काम करायला वाव असतो. चौथीपासून वर्तनाच्या जाणकार व्हेटशिवाय हात घालू नये.

‘अचानक चावला’ हे बहुतेक वेळा खरं नसतं. त्याने आधी जीभ ओठांवरून फिरवलेली असते, तोंड वळवलेलं असतं, जांभई दिलेली असते, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या दिसलेल्या असतात, आणि शेवटी तो क्षणभर दगडासारखा थिजलेला असतो. हा थिजण्याचा क्षण ओळखता आला तर पुढचा प्रसंग टळतो. गुरगुरण्यावर लहानपणी ओरडा खाल्लेले कुत्रे ती पायरी गाळायला शिकतात, आणि त्यांनाच आपण शांत म्हणतो. शिवाय ताण साठत जातो: रात्री फटाके, सकाळी कान साफ करणं, दुपारी पाहुणे, आणि संध्याकाळी तो एक हात.

वाढत्या वयाचा गरीब कुत्रा पहिल्यांदाच चावला तर माझा पहिला संशय दुखण्यावर जातो. व्हेटकडे ‘एकदा बघून घ्या’ असं मोघम न सांगता नावानिशी सांगा: कानाच्या आत, दातांची मुळं, कंबर आणि पाठीचे सांधे, डोळे, थायरॉइड. डोक्यावर हात आल्यावर चावला असेल तर कान आणि दात आधी. दुखणं सापडलं नाही तरी काही व्हेट वेदनाशामक देऊन फरक पडतो का ते बघतात. घरातलं आयबुप्रोफेन मात्र कधीही देऊ नका, कुत्र्यांना ते विषासारखं आहे.

बाहेरच्या फिरण्यासाठी मुसकं. कापडी नळीसारखं नको. त्यात तोंड उघडत नाही, कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि तो तापतो. जाळीचं, टोपलीसारखं घ्या, आत तोंड उघडून जीभ बाहेर काढता आली पाहिजे. थेट चढवायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस त्याच्या तळाशी खाऊ ठेवून नुसतं पुढे धरा, तो आपण होऊन नाक घालेल. मग नाक आत असताना खाऊ चालू ठेवून पाच सेकंद, मग दहा. बकल त्यानंतर, चालणं आणखी नंतर. पंजाने ओढायला लागला तर घाई झाली असं समजून एक पायरी मागे या. लांबणारी दोरी काढून टाका, दीड-दोन मीटरचा न ताणणारा पट्टा घ्या, कारण चावा बसतो तो त्या जास्तीच्या दोन मीटरांत.

दहाव्या दिवसाचं व्हेटचं पत्र आलं की त्याचा फोटो त्या माणसाला लगेच पाठवा, म्हणजे पुढच्या डोसाबद्दल त्यांना डॉक्टरांना विचारता येईल. राहून गेलेली लस आता द्या. आणि कुणी हात पुढे करत आला की, "हात लावू नका, त्याला आवडत नाही," एवढं म्हणून चालत राहा. सुरुवातीला हे उद्धट वाटतं.