तुम्ही विचारलंत म्हणून: आधी सांगायचं की आधी निस्तरायचं?

बँकेत नव्याने लागलेली मुलं मला हटकून एक प्रश्न विचारतात. चूक लक्षात आली तर आधी साहेबांना सांगायचं, की गुपचूप निस्तरून टाकायचं? विचारणाऱ्याचा चेहरा पाहिला की कळतं, चूक बहुतेक आजच झालेली आहे.

आधी सांगायचं. मी हे शिकले ते एका ब्लेडमुळे.

तीसेक वर्षांपूर्वी एका सहकारी बँकेत मी लेजर, म्हणजे खातेवही, लिहायचे. महिनाअखेरीला बॅलन्सिंग, म्हणजे हिशेबाचा ताळा, जुळेना, फरक १,८०० चा. हाताने हिशेब लिहिणारी माणसं फरकाला आधी ९ ने भागून बघतात. पूर्ण भाग गेला तर कुठेतरी शेजारशेजारचे आकडे उलटे पडल्याचा संशय घ्यायचा. तासाभरात सापडलं. एका निवृत्त गुरुजींच्या पेन्शनचे ४,६८० मी ६,४८० लिहिले होते. इकडेतिकडे पाहिलं, ड्रॉवरमधलं ब्लेड काढलं, आकडा खरवडला, त्याखालची बाकी खरवडली आणि नवी लिहिली.

"सापडलं का गं?"

"हो सर, माझी बेरीज चुकली होती."

पासबुक मात्र मी विसरले. तेही मीच भरलं होतं, ६,४८० च. आठवड्याभराने गुरुजी पैसे काढायला आले, तर पासबुकात रक्कम दिसतेय आणि लेजरला नाही. काउंटरवरच्या मुलाने सगळ्यांसमोर सांगितलं, "काका, एवढे नाहीत तुमच्या खात्यात." साहेबांनी लेजर उचललं, खिडकीशी नेलं आणि पान उजेडात धरलं. खरवडलेल्या जागी कागद पातळ होऊन चकाकत होता.

आकड्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, आवाज चढला तो ब्लेडवरून. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर लिहून सही करायची, एवढा साधा रिवाज होता. रेघ मारली असती तर पासबुकही कुणीतरी आठवणीने मागवलं असतं.

आता लेजर नाही, ब्लेड नाही, पण खोड तीच. संध्याकाळी मोजताना रोकड हिशेबापेक्षा जास्त निघाली तर "उद्या कमी पडली की घालू" म्हणून ड्रॉवरला ठेवणारे मी पाहिलेत. चूक तिथे संपते आणि अफरातफर सुरू होते. जास्तीची रोकड त्याच दिवशी वेगळ्या खात्याला जमा दाखवावी लागते. आणि वेळ तर आता मुळीच नसतो. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायचं एनईएफटी २०१९ च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालतं, दर अर्ध्या तासाला बॅच सुटते. नाव कितीही बरोबर टाका, पैसे जातात खाते क्रमांकावर. तिकडच्या माणसाने ते काढले की बसा त्याच्या विनवण्या करत. तेव्हा साहेबांकडे जाताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि त्यानंतर तुम्ही कशाला हात लावलात, एवढंच घेऊन जा. "सॉरी सर"चा पाढा नंतर म्हणा, रडायचं असेल तर तेही नंतर.

आपली मराठीही या बाबतीत भारी सोयीची आहे. चूक झाली, राहून गेलं, एंट्री पडली नाही. सगळं आपोआप होतं, करणारा कुणीच नाही!

त्या दिवशी साहेबांनी मला काउंटरबाहेर गुरुजींकडे पाठवलं. काय सांगू, म्हणून विचारलं.

"पासबुक चुकलं असं सांगू नकोस. पासबुकाला हात नसतात."

गुरुजी बाकावर बसले होते. मी म्हटलं, "काका, तुमची रक्कम मी चुकीची लिहिली. १,८०० जास्त." त्यांनी चष्मा वर केला, पासबुकावर बोट ठेवलं.

"अठराशे? म्हणजे चार नि सहा उलटे पडले. ब्लेड का मारलंस मग?"

साहेबांचा आवाज बाकापर्यंत पोचला होता तर.