न्यूमोथोरॅक्सचं ऑपरेशन केलं, माझा अनुभव

दुसऱ्यांदा न्यूमोथोरॅक्स झाला तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यात आधी सांगितलं की हा कॅन्सर नाही, टीबी पण नाही. मग ऑपरेशन कशाला, हे बाबांनी विचारलंच. तर फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला पातळ भिंतीचे हवेचे फोड असतात काही जणांना, ब्लेब किंवा बुला म्हणतात, तो फुटला की हवा फुफ्फुसाच्या बाहेर पण छातीच्या आतच जमते आणि फुफ्फुस चेपतं, हाच न्यूमोथोरॅक्स. उंच, सडपातळ, तरुण मुलांना जास्त होतं, त्यात सिगरेट असेल तर बघायलाच नको. पहिल्या वेळी हवा काढायला छातीत घातलेल्या नुसत्या नळीवर भागतं बऱ्याच जणांचं, पण दुसऱ्यांदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता खूपच वाढते, म्हणून मग ऑपरेशनचा विषय निघतो.

ऑपरेशनची मला जाम भीती होती पण खरा वैताग आला तो नळी आणि बाटलीचा. जागा बधिर करून दोन बरगड्यांच्या मधून नळी आत घालतात, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडालेलं असतं, म्हणजे आतली हवा बाहेर येते पण बाहेरची आत जात नाही. राऊंडला डॉक्टर येणार, वाकून बाटलीकडे बघणार आणि म्हणणार "खोक बघू". खोकलो की बुडबुडे! बुडबुडे म्हणजे गळती चालूच. श्वासाबरोबर नळीतलं पाणी खालीवर होतं ते मात्र चांगलं, नळी चोंदली नाहीये असा अर्थ. एक्सरेला नेताना एकाने बाटली उचलून थेट माझ्या पोटावर ठेवली तर सिस्टर असल्या ओरडल्या त्याच्यावर, कारण बाटली कायम छातीच्या खालीच पाहिजे नाहीतर पाणी उलटं आत जाऊ शकतं. आणि बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावायचा नाही, आत हवेचा दाब वाढतो.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, व्हॅट्स म्हणतात त्याला. पूर्ण भूल देतात, एकाच फुफ्फुसावर श्वास चालू ठेवतात आणि ज्याचं काम आहे ते मिटवून ठेवतात. काखेखाली छोटी छिद्रं पाडून कॅमेरा आत, फोडाचा भाग स्टेपलरने कापायचा, तोच स्टेपलर कडा बंदही करतो. मग छातीचं आतलं अस्तर खरवडतात, म्हणजे फुफ्फुस तिथे चिकटून बसतं आणि पुन्हा हवा जमायला जागाच राहत नाही (प्लुरोडेसिस). काही ठिकाणी टाल्क पावडर वापरतात.

आता दुखण्याबद्दल खरं सांगतो, छिद्रं छोटी म्हणजे दुखणार कमी असं मी धरून चाललो होतो पण दुखतं ते खरवडलेलं अस्तर. फुफ्फुसाला स्वतःला वेदना कळत नाही, या अस्तराला मात्र चांगलीच कळते. त्यामुळे शूरपणा न करता पेनकिलर वेळेवर मागून घ्या, कारण दुखतंय म्हणून खोल श्वास घेतला नाही, खोकला दाबला, तर कफ साठून न्यूमोनिया व्हायची भीती. उशी छातीशी घट्ट धरून खोकलं की बरंच सुसह्य होतं. खोल श्वास घ्यायच्या व्यायामासाठी तीन बॉलचा स्पायरोमीटर मिळतो, श्वास ओढला की बॉल वर उचलले जातात, त्यातला तिसरा बॉल माझ्याने बरेच दिवस हलला पण नाही.

नळी काढताना श्वास रोखून धरायला सांगतात, सर्रकन येते, पुढचं काही कळायच्या आत टाका बांधून मोकळे.

अजून त्या बाजूला बरगडीखाली एक पट्टा बधिर आहे, तिथली नस दुखावते म्हणे, हळूहळू कमी होतंय. विमानात बसायचं ते एक्सरे दाखवून डॉक्टर हो म्हणाले तरच. स्कूबा डायव्हिंग कायमचं बंद, तसंही कधी करणार होतो म्हणा! ऑपरेशननंतरही शंभरात थोड्या जणांना परत होतं. सीटीत दुसऱ्या बाजूलाही बारीक फोड दिसलेत पण काही झालेलं नसताना तिकडे हात लावत नाहीत, फक्त अचानक एका बाजूला कळ आली आणि दम लागला तर गॅस असेल म्हणून घरी बसायचं नाही, थेट इमर्जन्सीत जायचं एवढं बजावलंय.