तांडेलकाकांचा नेब्युलायझर आणि आमच्या बोटीवरचा इन्व्हर्टर

डिसेंबरात सुट्टी काढून मी बोटीवर गेलो होतो. उधाणाचे दिवस, वर्सोव्यापासून चांगलं लांब डोल (पिशवीसारखं मोठं जाळं) लावलेली, आणि रात्री दीडच्या सुमाराला तांडेलकाकांना धाप लागली. त्यांना दमा आहे, म्हणून नेब्युलायझरचं मशीन बोटीवर असतंच. ते इन्व्हर्टरवर लावलं तर आधी घुर्रर्र असा वेगळाच आवाज, वाफ पण नीट येईना. काका मास्क बाजूला करून म्हणाले, "मशीन आज रडतंय रे." दोन मिनिटांत इन्व्हर्टरने पीं पीं केलं आणि सगळं बंद! खिशातल्या पंपावर (इन्हेलरवर) काकांनी रात्र काढली, आणि पहाटे सेल्फ मारला तर नुसती टकटक, इंजिन काय चालू होईना. शेवटी शेजारच्या बोटीने जवळ येऊन बॅटरी दिली तेव्हा आम्ही निघालो.

त्या रात्रीनंतर मी ठरवलं की हे काम आता अंदाजाने करायचं नाही. इन्व्हर्टर आम्ही लॅमिंग्टन रोडवरून घेतला होता, डब्यावर १००० वॅट लिहिलेलं, स्वस्त मिळाला म्हणून बाबा पण खुश. वॅट सगळे बघतात, दुकानदार पण तेवढंच सांगतो, पण बोटीवर खरा प्रश्न अँपिअरचा आहे. घरी २३० व्होल्टवर ५०० वॅटचा मिक्सर दोन-सव्वादोन अँपिअर घेतो, तोच मिक्सर इन्व्हर्टरवर लावला की १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरचा स्वतःचा लॉस धरून ५० अँपिअरच्या आसपास खेचतो. हजार वॅट पूर्ण लोड टाकलात तर जवळपास १०० अँपिअर. हा आकडा एकदा डोक्यात बसला की केबल कुठली, फ्यूज कुठला, बॅटरी केवढी हे आपोआप सुचायला लागतं.

मग आमचं चुकलं कुठे? सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंजिन चालू करायची बॅटरी आणि इन्व्हर्टरची बॅटरी एकच. सात माणसांचे मोबाईल, एक-दोन दिवे, वर इन्व्हर्टर दिवसरात्र चालूच. त्याला काही लावलं नाही तरी तो स्वतःच १०-१५ वॅट खात बसतो, म्हणजे साधारण एक अँपिअर, २४ तासांत २४ एएच (अँपिअर गुणिले तास) असेच गेले! आणि इन्व्हर्टर बंद होतो तो बॅटरी १०.५ व्होल्टला आल्यावर, तोपर्यंत सेल्फ फिरवायला काहीच उरत नाही. लेड अ‍ॅसिड बॅटरी आराम दिल्यावर १२.७ च्या जवळ असेल तर फुल, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे संपल्यात जमा. अर्ध्याच्या खाली रोज रोज नेली तर ती लवकर मरते. आणि १०० एएच लिहिलं असलं तरी ते सहसा २० तासांत हळूहळू, म्हणजे ५ अँपिअरने काढलं तर. ५० अँपिअरने खेचलं की त्यातलं बरंच कमी हाती लागतं.

आवाजाचं कारण वेगळं होतं. तो इन्व्हर्टर मॉडिफाइड साइन वेव्हचा होता, त्याची लाट गोल नसून पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि त्यावर मोटर घुरघुरते आणि जास्त तापते. नेब्युलायझरमध्ये कॉम्प्रेसर आहे, म्हणजे मोटरच. ज्या बोटीवर औषधाचं मशीन चालवायचंय तिथे प्युअर साइन वेव्हच (घरच्या विजेसारख्या गोल लाटेचा) घ्या, यात पैसे वाचवू नका, मी हात जोडून सांगतो. आणि मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट घेते, त्यामुळे सर्जचा, म्हणजे क्षणभर किती वॅट झेपतात त्याचा, आकडा वेगळा विचारायचा. बाहेरून कोणी इन्व्हर्टर आणून दिला तर तो २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा आहे ना तेवढं बघा, अमेरिकेतला ११०-१२० चा असतो.

पावसाळी मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत, १ जून ते ३१ जुलै, बोट वर ओढलेली असते तेव्हा मी सगळं उपसून नव्याने केलं. इंजिनची बॅटरी फक्त इंजिनला. वापरायला वेगळी १५० एएचची सीलबंद, कारण बोट डोलते तेव्हा उघड्या बॅटरीतलं अ‍ॅसिड सांडतं. मधे रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) टाकला, इंजिन चालू असलं आणि व्होल्टेज चढलं की अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्या चार्ज करतो, इंजिन बंद झालं की दोघी वेगळ्या. आता रात्रभर कितीही वापरा, सेल्फची बॅटरी तशीच राहते. (बंदीत बॅटऱ्या नुसत्या पडू देऊ नका बरं, अधूनमधून चार्ज करा, रिकामी पडलेली लेड अ‍ॅसिड आतून खराब होते.)

केबलवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. इन्व्हर्टरबरोबर जी आली होती ती बारीक, ६ स्क्वेअर एमएमच्या आसपासची. बॅटरीपासून इन्व्हर्टर २ मीटर, म्हणजे जाऊन येऊन ४ मीटर, त्यातून १०० अँपिअर गेले तर वाटेतच १.२ व्होल्ट गळतात. बॅटरीत १२.२ आहेत आणि इन्व्हर्टरला दिसतात ११, मग तो बोंबलणारच. ३५ स्क्वेअर एमएम टाकली की तीच गळती पाव व्होल्टच्या आत. लोहार चाळ (विजेच्या सामानाचा बाजार) पालथी घातली, दारूखान्यात (जुन्या जहाजांच्या सामानाचा बाजार) पण जाऊन आलो, आणि कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याच्या तारांची केबल घेतली, कारण खाऱ्या हवेत साधं तांबं आतून हिरवं-काळं पडतं. लग (केबलच्या टोकाची धातूची टोपी) हातोडीने ठोकायचे नाहीत, क्रिंपिंगच्या हत्याराने नीट दाबून बसवायचे, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी), टर्मिनलला व्हॅसलीन. आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात १५० अँपिअरचा फ्यूज. तो इन्व्हर्टरजवळ लावून उपयोग नाही, केबल मधेच घासून शॉर्ट झाली तर बॅटरी हजारांत अँपिअर सोडते आणि आग लागते, बोटीवर पळायला जागा कुठे आहे?

इन्व्हर्टर इंजिनजवळ लावू नका, उष्णतेने त्याची ताकद कमी होते. बॅटरीच्या डोक्यावर तर मुळीच नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटू शकतो. आमचा केबिनच्या भिंतीला, पाण्याचा तुषार येणार नाही असा, पंख्याची जाळी मोकळी ठेवून.

शॉकचं एक सांगतो, हे मला पण उशिरा कळलं. बऱ्याच इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले नसतात, मग पुढे लावलेला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागताना लाइन तोडणारा स्विच) वेळेला ट्रिप होईलच असं नाही. टेस्ट बटण दाबलं की तो ट्रिप होतो म्हणून विसंबू नका, ते बटण अर्थ नसतानाही चालतं. जोडणी कशी करायची ते मॅन्युअलमध्ये बघून जाणकाराकडूनच करून घ्या, काही इन्व्हर्टरला ती चालत नाही. आणि बोट किनाऱ्यावर असताना घरून एक्स्टेंशन आणतो, ती लाइन आणि इन्व्हर्टर कधीच एकत्र येता कामा नयेत, मधे चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकच लाइन जोडणारा) हवाच.

मोबाईल आता इन्व्हर्टरवर नाहीत. १२ चे २३० करायचे आणि चार्जरने परत ५ करायचे, दोनदा लॉस कशाला? १२ व्होल्टवर चालणारे यूएसबी सॉकेट टाकले. दिवे, जीपीएस, वायरलेस सगळं थेट १२ वर. इन्व्हर्टरला उरलं काय तर मिक्सर, ड्रिल आणि काकांचं मशीन, काम झालं की स्विच बंद.

एका मित्राने विचारलं की तीन हजार वॅटचा बसवून पाण्यावर मोठे एलईडी लावता येतील का. त्याला तोंडावर नाही म्हटलं. लाइट लावून मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे, आणि उजेडाला पिल्लं पण गोळा होतात, ती उचलली तर पुढच्या वर्षी डोलीत काय येणार?

ऑगस्टमध्ये नारळ सोडून बोट धंद्याला गेली. दुसऱ्या रात्री काकांनी मशीन लावलं, दहा मिनिटं. १२० वॅटचं आहे ते, दहा मिनिटांना जेमतेम २ एएच जातात. सकाळी फोनवर मी व्होल्टेज विचारलं, ते म्हणाले १२.५, आणि आवाज कसा होता विचारलं तर म्हणाले, "घरी असतो तसाच."