किती फुटांवर पाणी लागलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सासवडच्या बाजूला आम्ही घर बांधल्यापासून आसपास प्लॉट घेणारा प्रत्येक जण फाटकाशी थांबून एकच विचारतो, "तुमच्याकडे किती फुटांवर लागलं?" मी सांगतो, 140. ऐकणारा तेवढ्याच हिशेबाने पैशांची जुळणी करतो, गाडी बोलावतो आणि बोअर कोरडी गेली की माझ्यावर रुसतो. पण 140 हा आकडा माझ्या स्वतःच्या प्लॉटमध्येसुद्धा सगळीकडे खरा नाही. तुळशीवृंदावनामागे याच जमिनीत 510 फुटांची आणखी एक बोअर आहे, आधी मारलेली. ठणठणीत कोरडी.

ती जागा पाणाड्याने, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्याने, दाखवली होती. तळहातावर नारळ उभा राहिला आणि वडिलांनी तिथे चुन्याने खूण केली. "शिकलेले असून नारळावर विश्वास ठेवलात?" असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो. भूगर्भवाल्याची फी वाचवायची होती, हे खरं कारण. आणि त्या रात्री चूक नारळाची नव्हती, माझी होती.

बोअर मारणारी गाडी संध्याकाळी आली, तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. पहिले चाळीस फूट मुरूम, तिथपर्यंत केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून पाइप. पुढे काळा पाषाण. हॅमर बसला की भोकातून राखाडी भुकटी उसळायची, पिठासारखी बारीक. नव्वदच्या आसपास तिचा रंग जांभळट झाला. मी मूठभर उचलली, तर कपचीत पांढरे ठिपके होते आणि ती बोटांना ओलसर चिकटत होती. मांजऱ्या खडक, बारीक पोकळ्यांचा. एजंट म्हणाला, "लागतंय बघा." आम्ही सगळे भोकाभोवती गोळा झालो. 130 ला लाल माती आली, गेरूसारखी. मग पुन्हा काळा पाषाण, आणि ओल गेली ती गेलीच.

तीनशेला वडील म्हणाले, "पुरे कर." ते नाकाला पंचा लावून खुर्चीत बसले होते, पापण्यांवर धूळ साचलेली. पैसे त्यांचे, निवृत्तीनंतर मिळालेले. मी म्हणालो, "अजून पन्नास." तीनशेच्या खाली दर शंभर फुटांना भाव चढतो, हे मला ठाऊक होतं. साडेतीनशेला पुन्हा पन्नास. वडील काही न बोलता उठून आत गेले. पहाटे तीनला 510 वर रॉड संपले, तेव्हा ढिगावर वरपासून खालपर्यंत तीच कोरडी राख होती. "थांबवलं असतंस तर" असं ते आजवर एकदाही म्हणालेले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

नंतर समजून घेतलं. महाराष्ट्राच्या चार-पंचमांश भागाखाली लाव्हाचे थर आहेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, एकावर एक पसरलेले. खाली नदी नाही, तळं नाही. अखंड काळ्या पाषाणात पाणी राहत नाही. ते राहतं मुरमात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात आणि मांजऱ्याच्या पोकळ्यांत, तेही त्या एकमेकींना जोडलेल्या असतील तरच. त्या पांढऱ्या खनिजांनी बुजल्या असतील तर मांजऱ्याही कोरडा. खोल जाल तशा भेगा बहुधा कमी होतात. म्हणून शेजारच्या आकड्याला अर्थ नाही. त्याची भेग तुमच्याखालून जाते का, हा प्रश्न आहे.

हे त्या रात्रीच्या मला सांगितलं असतं, तर तो गप्प बसला असता असं नाही. मागच्या गल्लीत एकाला 460 ला लागलं. त्या रात्रीचा तो मी म्हणेल, मग मी चुकलो कसा? त्याला द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

दुसरी बोअर वर्षाने मारली. भूगर्भवाल्याने जमिनीत सळ्या ठोकून वीज सोडली, जमीन तिला किती अडवते तो रोध मोजला आणि आधीच बजावलं की ओली चिकणमातीही यंत्रावर पाण्यासारखीच दिसते. जागा ओढ्याच्या अंगाला निघाली. 140 ला दोन इंची पाणी आलं. वडिलांनी त्या पाण्याने चूळ भरली.

आता तुम्ही कधीच विचारत नाही ते. त्या बोअरपासून दोनशे फुटांवर शेजारच्या अण्णांची विहीर आहे, बहात्तरच्या दुष्काळात सुरुंग लावून पाडलेली, पंचेचाळीस फूट खोल. आमची मोटर सुरू झाली त्याच उन्हाळ्यात तिचा तळ दिसला. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय बोअर घ्यायला 1993 च्या कायद्याने बंदी घातली. अण्णांची विहीर खासगी, तिला ते कवच नाही. त्या वर्षी पाऊसही कमी होता, असं मी स्वतःला सांगतो. खोटं नाही ते. पण आमचं पाणी आणि त्यांचं पाणी एकाच सांध्यातून येत असेल, तर आम्ही खालून ओढलं की वरच्या झऱ्याला काय उरणार?

म्हणून नव्या लोकांना सांगतो, मे महिन्यात आधी भोवतालच्या विहिरींत दोरी सोडून बघा. पाणी कुठवर आहे, ते तुमच्या बोअरनंतर कुणाला कमी पडेल, हे तेव्हाच कळतं. कुणी दोरी घेऊन आलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात मी आमची मोटर पंधरा दिवस बंद ठेवली आणि टँकर घेतला. अण्णा म्हणाले, "कशाला त्रास करून घेतोस, पोरा?" तरी रोज सकाळी आम्ही दोघं काठावरून वाकून पायऱ्या मोजत होतो. नऊ दिवस पाणी होतं तिथेच होतं. दहाव्या दिवशी एक पायरी बुडाली. पण आदल्या रात्री वळीव कोसळला होता.