लोखंडी साकव, अपडेट ४: झिंक झालं, भोकं बुजली

साकवाची दोन्ही अर्धुकं जस्ताचा थर चढून काल छोट्या हत्तीतून वाडीत आली. चमकतायत मस्त, काका म्हणाले दुधाच्या किटलीसारखी दिसतात. पण जोडायला घेतली तर बोल्टच जाईना. ते खाली सांगतो.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी, आमच्या वाडीतून पऱ्या (ओढा) जातो आणि पलीकडे चार घरं आणि देवळाची वाट. पावसाळ्याआधी पोफळीचे ओंडके टाकून साकव करायचा, दोन वर्षांत कुजला की परत. मी नोकरीला ठाण्यात, सुट्टीला गावी, आणि रात्री फ्रीकॅडमध्ये (कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) खेळायचा नाद. म्हणलं एकदाच लोखंडी करून टाकू. ७.२ मीटर गाळा (मधलं अंतर), १.२ मीटर रुंदी, दोन्ही बाजूंचे कठडे हेच ट्रस (वजन पेलणारा पाईपांचा सांगाडा), म्हणजे वेगळं रेलिंग नाही. सहा खण, प्रत्येक १.२ मीटरचा.

काठाचं मॉडेल फोनच्या दीडेकशे फोटोंमधून मेशरूमवर (फोटोंवरून थ्रीडी मॉडेल करणारं सॉफ्टवेअर) केलं होतं. पाणी आणि हलणारी पानं असली की तिथे नुसता चिखल येतो, आणि स्केल तर तुम्ही देईपर्यंत नसतंच, त्यामुळे दोन काठ्यांना बरोब्बर १ मीटरच्या खुणा करून फ्रेममध्ये ठेवल्या. तरी लेव्हलसाठी शेवटी गवंड्याची पाण्याची नळीच कामाला आली. पलीकडचा काठ १४० मिमी खाली निघाला, फोटोंच्या मॉडेलमध्ये तो सपाट दिसत होता! पुराची खूण काकांनी दाखवली, २२ जुलै २०२१, चिपळूण बुडालं त्या दिवशीची. चालायची पातळी तिच्या ६०० मिमी वर धरलीय.

लोडबद्दल मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं की घरच्या साकवाला चौरस मीटरला ५०० किलो वजन कशाला धरलं, चार माणसं तर जाणार. दोन कारणं. एक, १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला आणि चार माणसं गेली, रविवारची गर्दी होती त्यावर. पुलाला माहीत नसतं की एरवी चारच माणसं असतात. दुसरं कारण पालखी. शिमग्यात ती ह्याच वाटेने येते आणि ढोल वाजत असताना कोणी साकवावरून गुपचूप चालत जाईल अशी अपेक्षा करणं म्हणजे कोकण माहीत नसणं. ८.६४ चौरस मीटर गुणिले ५०० म्हणजे सव्वाचार टन, साठ-पासष्ट माणसं. दाटीवाटीने उभी राहिली तर मावतात तेवढी, मी घराच्या अंगणात खडूने चौकोन काढून बघितलंय.

रुंदी आधी १ मीटर होती, पालखीसाठीच वाढवली. सगळी मापं स्प्रेडशीटला बांधलेली असल्यामुळे एक आकडा बदलला आणि अख्खा पूल रुंद झाला, तो क्षण भारी होता. मग बघतो तर तिरक्या ब्रेसिंगचं एक स्केच दुसऱ्याच कडेला जाऊन चिकटलेलं. फ्रीकॅडच्या १.० व्हर्जनपासून हा त्रास खूप कमी झालाय पण संपलेला नाही, आकडा बदलला की एकदा सगळीकडून फिरवून बघाच.

आता ज्याने माझी झोप उडवली होती ते. साध्या कागदी हिशोबात वरच्या पाईपमध्ये साधारण २२ किलोन्यूटन दाब येतो, ५० बाय ५० बाय ३ च्या चौकोनी पाईपवर ४० मेगापास्कलच्या आसपास स्ट्रेस (ताण), आणि यील्ड, म्हणजे लोखंड कायमचं वाकायला लागतं तो ताण, २१०. म्हणजे पाचपट मोकळीक, मी खूश. पण वरच्या पाईपला डोक्यावर काहीच जोड नाही ना, तो दाबाखाली तुटत नाही तर बाहेर पडतो, दबलेली पट्टी जशी आडवी वाकते तसा. त्याला धरून ठेवतात फक्त उभे पाईप आणि खालचे आडवे, मिळून इंग्रजी यू सारखी चौकट. पैसे वाचवायला मी हे दोन्ही ४० बाय ४० बाय २ चे घेतले होते. बकलिंग ॲनालिसिस (असं बाहेर वाकण्याचा हिशोब) लावलं तर फॅक्टर आला फक्त २, म्हणजे धरलेल्या वजनाच्या दुप्पटीलाच कठडा वाकणार. कागदावर पाच, स्क्रीनवर दोन, आणि रंगीत ॲनिमेशनमध्ये दोन्ही कठडे दारूड्यासारखे बाहेर झुकलेले. वेल्डिंगचा वाकडेपणा आणि वीस वर्षांचा गंज धरला तर दोन म्हणजे काहीच नाही. उभे-आडवे सगळे ५० बाय ३ केले तर ३.३ झाला, मग एकाआड एक खांबाला बाहेरून तिरके टेकू दिले तेव्हा ५ च्या वर गेला. वजन वाढलं जेमतेम ५० किलो. ट्रस कठडा करणाऱ्यांनो, हे चुकवू नका.

कंपनं पण बघितली. उभं कंपन इतकं वर आहे की विषयच नाही. आडवं डोलणं मात्र आधी ३ हर्ट्झच्या (सेकंदाला तीन हेलकावे) आसपास होतं. चालताना माणूस डावी-उजवीकडे सेकंदाला साधारण एकदा ढकलतो, त्यामुळे तसं चाललं असतं, पण लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २०००ला उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला तो ह्याच आडव्या डोलण्यामुळे, आणि आपल्याकडे तर ढोल आहे. चालायच्या जाळीच्या खाली अँगलचे क्रॉस टाकले, प्रश्न मिटला.

फॅब्रिकेशन. पाईप २० फुटीच येतो, त्यामुळे पूल मध्ये जोडायचाच होता, ३.६ मीटरचे दोन तुकडे. कटलिस्ट मॉडेलमधून काढली, भंगार खूपच कमी उरलं, वर्कशॉपवाले दादा पण म्हणाले की एवढा कमी माल आणून काम झालेलं पहिल्यांदाच बघतोय. पण पहिली बाजू आम्ही एकाच अंगाने सगळी वेल्ड मारत गेलो आणि ती ८ मिमी वाकली. मॉडेलमध्ये वेल्ड आकसत नाही हो. दुसऱ्या बाजूला आधी सगळीकडे टॅक (छोटे ठिपके वेल्ड), मग एक सांधा इकडचा एक तिकडचा, मधे थंड होऊ द्यायचं, आणि ती २ मिमीत बसली. पहिली गॅसने तापवून सरळ केली, अर्धा दिवस गेला.

मग झिंक. सुमारे ४५० डिग्रीच्या जस्तात पाईप बुडवणार, आणि माझे सगळे पाईप दोन्ही टोकांना बंद! आत हवा किंवा ओल अडकली तर पाईप टाकीतच फुटतो, माणसं भाजतात. झिंकवाल्यांनी माल परत पाठवला, बरोबरच केलं. प्रत्येक पाईपला दोन्ही टोकांना भोक, अशी शंभराच्या वर भोकं हँडड्रिलने पाडली, खांदा अजून दुखतोय. आता मॉडेलमध्ये भोक हा पाईपचाच भाग करून टाकलाय, पाईप काढला की भोक आपोआप येतं.

आणि आता बोल्ट. जोडाच्या पट्ट्यांना १८ मिमीची भोकं, बोल्ट १६ चे, पण जस्ताचे थेंब गोठून काही भोकं १५ वर आलीत. गोल कानसने घासतोय, चोवीसपैकी नऊ झाली. जास्त घासलं तर जस्तच निघून जाईल म्हणून उघडं पडलं तिथे झिंक पेंट.

एका टोकाला बेस प्लेटची भोकं लांबट ठेवलीत, ३० डिग्री फरकाला पूल अडीच मिमी लांबतो तेवढी जागा. चिऱ्याचे खांब झालेत, वरचं काँक्रीट ओलं आहे. पुढच्या शनिवारी चेन पुलीने चढवायचा बेत आहे, एक अर्धुक २८० किलोच्या आसपास, तिपायी बांबूची करावी की पाईपची ह्यावर काकांचं आणि माझं अजून एकमत नाही. कोणी असं काही उचललं असेल तर सांगा, काका बांबूवरच अडून बसलेत.